१९९६ चा ‘टूम रेडर’ दोन तासांत नकोसा झाला, आता काय करू?

प्रश्न विचारणारे आपल्या नागपूरचेच, इंजिनीअरिंगचे विद्यार्थी आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. २०१३ पासूनचे तिन्ही नवे ‘टूम रेडर’ त्यांनी संपवलेत आणि त्यातली साहसी नायिका लारा क्रॉफ्ट म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सेलमध्ये पहिल्या तीन गेमचा रीमास्टर (जुनेच गेम, नव्या चित्रांसह पुन्हा आणलेले) घेतला, १९९६ चा पहिला भाग सुरू केला आणि दोन तासांत वैतागले. लारा भिंतीला धडकते, उडीचं बटण दाबलं तरी वेळेवर उडत नाही, कॅमेरा भलतीकडेच बघतो. ते विचारतात की लोक याला एवढं डोक्यावर का घेतात? गेम म्हातारा झालाय की मला जमत नाही? मॉडर्न कंट्रोल्स लावू का? अडलो की यूट्यूब बघू का? की सरळ तिसऱ्या भागावर जाऊ, त्यात इंडिया आहे म्हणे?

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी धरमपेठेत बरीच वर्षं गेम पार्लर चालवलं, आता ॲनिमेशन शिकवणाऱ्या एका संस्थेत लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधले टप्पे कसे बांधायचे ते, शिकवतो. अनोळखी माणूस एखाद्या गेमच्या पहिल्या तासात नेमकं काय करतो, हे पार्लरवाल्याला रोज फुकट बघायला मिळतं. टूम रेडर लावला की बहुतेक पोट्टे आधी सुसाट धावायचे, कडेवरून खाली पडायचे आणि मग ‘भाऊ, हे बटण खराब आहे, आयकूनच नाही राहिलं’ म्हणून कंट्रोलर बदलून मागायचे. कंट्रोलर धडधाकट असायचा. तुमची तक्रार मी ओळखतो ती अशी.

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: नव्या गेमने तुमच्या हाताला एक सवय लावली आहे आणि जुना गेम ती सवय मानायला तयार नाही. २०१३ च्या गेममध्ये तुम्ही दरीच्या दिशेने धावता आणि उडी मारता, बाकीचं गेम सांभाळून घेतो. लारा थोडी कमी पडली तरी तो तिला हवेतल्या हवेत कडेकडे ओढतो. धरता येणाऱ्या कडांवर पांढरा रंग फासलेला असतो. अडलात तर ‘सर्व्हायव्हल इन्स्टिंक्ट’चं बटण दाबा, कामाच्या वस्तू चमकायला लागतात. यात वाईट काही नाही, त्या गेमचा जीव त्याच्या गोष्टीत आणि धावपळीत आहे. पण अंतर जोखायचं काम तिथे तुमच्याकडे कधी आलंच नाही. १९९६ च्या गेममध्ये मुख्य काम तेच आहे, आणि हे कोणी सांगितलेलं नसतं.

आता हे अंतर कसं मोजायचं ते जरा नीट सांगतो, कारण माझ्या मते सगळी किल्ली इथेच आहे. इंग्लंडमधल्या डार्बी शहरात कोअर डिझाइन नावाची कंपनी होती, तिथल्या लहानशा टीमने हा गेम बनवला. लाराची कल्पना टोबी गार्ड यांची. गॅव्हिन रमरी यांनी टीमसाठी एक रूम एडिटर लिहिला, त्यात सगळ्या खोल्या सारख्या मापाच्या चौकोनांवर उभ्या केल्या जात. एका चौकोनाची बाजू १०२४ युनिट, आणि उंची २५६ युनिटच्या टप्प्यांनी वाढते. त्या टप्प्याला लेव्हल बनवणारे ‘क्लिक’ म्हणतात. चार क्लिक म्हणजे एक पूर्ण ठोकळा. पेरूची गुहा असो की इजिप्तचं देऊळ, वरून कितीही ओबडधोबड दिसो, खाली अंगणात कोळशाने आखलेल्या ठिकरीसारखी घरं आखलेली आहेत.

आणि लाराच्या उड्या या घरांच्याच हिशोबाने ठरवल्या आहेत. जागेवरून मारलेली उडी मधलं एक रिकामं घर पार करते. तीच उडी मारून समोरची कड हाताने पकडली तर दोन घरं. धावत मारलेली उडी दोन घरं, आणि धावत उडी मारून कड पकडली तर तीन. बस, एवढंच. हे आकडे पहिल्या लेव्हलपासून शेवटच्या पंधराव्या लेव्हलपर्यंत बदलत नाहीत. लारा पुढे जाऊन जास्त ताकदवान होत नाही, उडी वाढवणारी कुठली अपग्रेड मिळत नाही. बदलतो तो फक्त तुमचा अंदाज.

‘बटण दाबलं तरी उडत नाही’ या तक्रारीचं उत्तरही यातच आहे. धावताना उडीचं बटण दाबलं की लारा त्या क्षणी उडत नाही, चालू असलेलं पाऊल पूर्ण करते आणि ठरलेल्या पावलावर उडते. म्हणून कडेवर पोचल्यावर बटण दाबणारा माणूस हमखास दरीत जातो. करायचं असं: चालण्याचं बटण दाबून ठेवा आणि कडेपर्यंत जा. चालताना लारा कडेवरून पडत नाही, आपोआप थांबते. मग मागची दिशा एकदा दाबा, ती मागे एक टुणकन उडी घेते, म्हणजे साधारण एक घर मागे येते. आता पुढची दिशा दाबा, लगेच उडीचं बटणही दाबा आणि दोन्ही तसंच धरून ठेवा. ती धावेल आणि कडेवरून बरोबर उडेल. समोरची कड पकडायची असेल तर हवेत असतानाच ॲक्शनचं बटण धरून ठेवायचं. यात चपळाईचा संबंध जवळजवळ नाही. थांबायचं, मोजायचं, एक घर मागे यायचं आणि उडायचं. पार्लरमध्ये ज्यांना हे एकदा कळलं ते टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून घरं मोजायचे, आणि पुढचा नंबर असलेला पोट्टा मागून ‘तीन आहेत बे, तीन’ असं ओरडायचा.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की पेरू, म्हणजे गेम जिथे सुरू होतो तो देश, तूर्तास सोडा आणि मेनूमधून लाराच्या घरात जा. तिथल्या व्यायामशाळेत लारा स्वतः बोलून एकेक हालचाल शिकवते. नव्या गेममध्ये शिकवणी गोष्टीतच मिसळलेली असते, त्यामुळे ही वेगळी खोली लोक ओलांडून जातात. तिथे मागची उडी, धावती उडी आणि लटकून खाली उतरणं हे तीन प्रकार कंटाळा येईपर्यंत करा. तिसरा प्रकार विशेष. कडेकडे पाठ करून मागे उडी घ्यायची आणि पडता पडता ॲक्शन धरून कडेला लटकायचं, मग सोडून द्यायचं. पडण्याची उंची लाराच्या लांबीएवढी कमी होते, आणि ज्या उंचीवरून तुमचं अर्धं आरोग्य जात होतं तिथून ती ठणठणीत उतरते.

आता मॉडर्न कंट्रोल्स. रीमास्टर अॅस्पायर कंपनीने १४ फेब्रुवारी २०२४ ला आणला, त्यात दोन्ही पद्धती दिल्या आहेत. जुन्या पद्धतीला लोक ‘टँक कंट्रोल्स’ म्हणतात: डावी-उजवी दिशा दाबली की लारा जागेवर वळते, पुढची दाबली की तिच्या नाकासमोर जाते, कॅमेरा कुठेही असो. मॉडर्न पद्धतीत तुम्ही कॅमेऱ्याच्या हिशोबाने दिशा देता आणि ती तिकडे धावते, तुम्हाला सवय आहे तशीच. पहिल्या अर्ध्या तासात मॉडर्न नक्कीच सोपं वाटेल. पण वर सांगितलेली मागची उडी, बाजूला सरकणं, घराच्या रेघेला समांतर उभं राहणं, हे सगळं त्यात निसटतं होतं. खोल्या ज्या हालचालींसाठी मोजून बांधल्या, त्याच हालचाली हातातून काढून घेतल्यासारखं होतं. माझ्या वर्गात मॉडर्नने सुरू करणारी मुलं पेरू भराभर पार करतात आणि ग्रीसमध्ये, जिथे चिंचोळ्या खांबांवरून उड्या आहेत, तिथे रडकुंडीला येतात. तेव्हा माझं मत टँककडे. तरीही हे माणसावर अवलंबून आहे. बोटांना त्रास असेल किंवा मागे-पुढे-वळणे हा हिशोब डोक्यात बसतच नसेल, तर मॉडर्न लावा आणि खेळा, त्यात कमीपणा नाही. फक्त आज हे, उद्या ते असं करू नका, हात कशालाच तयार होत नाहीत.

चित्रांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण सांगितलंच पाहिजे. रीमास्टरमध्ये एका बटणाने नवी आणि जुनी चित्रं अदलून-बदलून बघता येतात. बहुतेक जण ही गंमत म्हणून एक-दोनदा करतात आणि मग नव्या चित्रांवरच राहतात. मी मात्र अवघड उडीच्या आधी जुनी चित्रं लावायला सांगतो. जुन्या गेममध्ये साधारणपणे एका घरावर एक चौकोनी टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागाचं चित्र, चिकटवलेलं असतं, त्यामुळे फरशीच्या रेघा सरळ दिसतात आणि घरं मोजता येतात. नव्या चित्रांत शेवाळ, मुळं, तुटके दगड आले, देखणं झालं, पण रेघा बुजल्या. काही ठिकाणी उजेडही इतका कमी आहे की भिंतीवरचा खटका किंवा कोपऱ्यातली किल्ली दिसतच नाही. ‘पुढे रस्ताच नाही’ असं वाटलं की आधी जुनी चित्रं लावून खोली एकदा फिरून बघा.

कॅमेरा भलतीकडे बघतो, हे खरं आहे. त्याचा बचाव मी करणार नाही. भिंतीजवळ तो आजही चिडवतो. उपाय एवढाच की उडण्याआधी थांबून, बघण्याचं बटण धरून वर-खाली नजर फिरवायची. नव्या गेममध्ये तुम्ही धावता धावता बघता, इथे उभं राहून बघायचं असतं.

मारामारीवर फार लिहीत नाही, कारण तिच्यात फार काही नाही. पिस्तुलांच्या गोळ्या संपत नाहीत, नेम लारा स्वतः धरते. तुम्ही इकडून तिकडे उड्या मारत गोळीचं बटण दाबून ठेवायचं. लांडगे आणि अस्वल उंच ठोकळ्यावर चढू शकत नाहीत, तेव्हा शक्य तिथे वर उभे राहा. सुरुवातीच्या मेडिकिट (आरोग्य भरून काढणाऱ्या औषधपेट्या) वाया घालवू नका.

सेव्हचं मात्र मनावर घ्या. मूळ प्लेस्टेशनवर सेव्ह करायला लेव्हलमध्ये निळे स्फटिक ठेवलेले होते, तिथे पोचल्याशिवाय सेव्ह नाही, आणि एक स्फटिक एकदाच. आमच्या पार्लरमध्ये मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली की स्फटिकाच्या चार पावलं अलीकडे असलेल्या पोट्ट्याचा चेहरा बघवत नसे. कॉम्प्युटरवर तेव्हाही कुठेही सेव्ह करता यायचं, रीमास्टरमध्येही येतं. म्हणून प्रत्येक नव्या खोलीत पाऊल ठेवलं की सेव्ह, पण एकाच जागी नाही, तीन-चार जागा फिरवत राहा. लारा पडत असताना किंवा आरोग्य काठावर असताना सेव्ह केलं आणि जुनी जागा पुसली गेली, तर लेव्हल पुन्हा पहिल्यापासून.

इथवरचं एकत्र करायचं तर: आधी घरातली व्यायामशाळा, कंट्रोल टँक, उडीआधी जुनी चित्रं आणि मोजणी, सेव्ह तीन-चार जागी. एवढं केलं की तुमचे पहिले दोन तास पुन्हा सुरू करा. हो, पहिल्यापासून. ‘केव्ह्ज’ ही पहिली लेव्हल परत खेळायला फार वेळ लागत नाही, आणि या वेळी ती तुम्हाला वेगळी दिसेल. बाण सुटणारी वाट, वटवाघळं, लांडगे, पहिली दरी, सगळं एकेक करून समोर ठेवलं आहे. एक गोष्ट शिकवली की लगेच तिची लहानशी परीक्षा. मी वर्गात ही लेव्हल थांबवून थांबवून दाखवतो, कारण एक अक्षरही स्क्रीनवर न लिहिता ती शिकवते.

मग कौल कधी द्यायचा? माझा नेम असा की तिसरी लेव्हल ‘लॉस्ट व्हॅली’ संपेपर्यंत देऊ नका. तिथे काय आहे ते सांगत नाही. अजून कोणी सांगितलं नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. डिझाइनची गोष्ट तेवढी सांगतो. त्या काळच्या मशीनला फार लांबचं चित्र काढणं झेपत नसे, म्हणून थोड्या अंतरापलीकडे सगळं काळोखात विरून जातं. दुसऱ्या कोणी ही अडचण लपवली असती. इथे डिझाइनरांनी एक भलीमोठी मोकळी दरी दिली, पलीकडची बाजू काळोखात ठेवली आणि तुम्हाला तिच्यात चालत जायला लावलं. त्यात नेथन मॅक्री यांचं संगीत फार तोलून वापरलेलं. बहुतेक वेळ फक्त पावलांचा आवाज, पाण्याचा, वाऱ्याचा. कुठेतरी अचानक चार सूर येतात आणि थांबतात. सतत वाजणाऱ्या संगीताची सवय झालेल्या कानाला ही शांतता आधी रिकामी वाटते, मग अंगावर येते. म्हणून एक घरगुती सूचना: उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत हा गेम खेळू नका. हेडफोन लावा, नाहीतर रात्री कूलर बंद करण्याइतका गारवा येईपर्यंत थांबा, म्हणजे आपल्याकडे जुलैपर्यंत.

लॉस्ट व्हॅली आवडली तर पुढचं ‘सेंट फ्रान्सिस फॉली’ तुमचंच आहे. ग्रीसमधली ही पहिली लेव्हल. एक उंचच उंच उभी खोली, वरून खाली उतरत जायचं, आणि थॉर, डॅमोक्लिस, नेपच्यून, अ‍ॅटलास अशा चार दालनांतून किल्ल्या गोळा करायच्या. प्रत्येक दालनाचं कोडं त्या त्या नावाच्या कथेतून आलेलं. डॅमोक्लिस म्हटलं की डोक्यावर काय लटकत असेल, ते ओळखा. माझ्या माहितीत उभ्या जागेचा इतका चांगला वापर करणाऱ्या जुन्या लेव्हल्स बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

लॉस्ट व्हॅलीनंतरही कंटाळाच येत असेल तर सोडून द्या. तुम्हाला लारा तिच्या गोष्टीसाठी आवडत असेल, शांतपणे ठोकळे मोजण्यात मजा वाटत नसेल, तर तुमची आवड वेगळी आहे. त्यासाठी दुसरी वाट आहे. क्रिस्टल डायनॅमिक्सने २००७ साली ‘ॲनिव्हर्सरी’ नावाने याच पहिल्या गेमची नव्याने बांधणी केली. तीच गोष्ट, त्याच जागा, पण हालचाली मवाळ आणि घरांची मोजणी नाही. नव्या तीन गेमवरून येणाऱ्याला तो मधला टप्पा चांगला पडतो.

यूट्यूबबद्दल. एका खोलीत अर्ध्या तासाच्या वर अडलात तर बघा, पण फक्त तेवढं कोडं बघा आणि बंद करा. शेजारी व्हिडिओ चालू ठेवून खेळलात तर या गेममध्ये करण्यासारखं काहीच उरत नाही, कारण खोली समजून घेणं हाच इथला खेळ. आणि अडलात म्हणजे बहुधा एखादा खटका नजरेतून सुटलेला असतो, किंवा सरकवता येणारा ठोकळा भिंतीचाच भाग समजून तुम्ही पुढे गेलेले असता.

आता इंडिया. १९९८ चा तिसरा भाग खरंच भारतात सुरू होतो: जंगल, देवळाचे अवशेष, गंगा नदी आणि शेवटी ‘कालियाच्या गुहा’. कालिया यमुनेतला, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल, पण तिकडे कोणी विचारलं नसावं. देवळात सहा हातांचा पुतळा जिवंत होऊन तलवारी घेऊन अंगावर येतो आणि त्याला शिवाचं नाव दिलंय, त्यावर न बोललेलं बरं. पहिल्या भागातही तसंच आहे. बर्फाच्या डोंगरातलं दार उघडून लारा विल्काबांबात शिरते, पण स्पॅनिशांनी १५७२ साली घेतलेलं इंका लोकांचं ते शेवटचं ठाणं दमट जंगलातलं. इतिहास-भूगोल बाजूला ठेवूनच या गेममध्ये उतरायचं असतं.

पण तिसऱ्यापासून सुरुवात नको. मूळ तीन गेममध्ये तो सगळ्यांत निर्दय आहे. पहिल्याच लेव्हलमध्ये घसरड्या उतारावरचे सापळे, रुतवणारी दलदल आणि वाघ. धावण्याचा वेग वाढवणं, रांगणं, छताला लटकून सरकणं या नव्या हालचालीही त्यात आल्या आणि आधीच्या सगळ्या तुम्हाला येतात असं तो गृहीत धरतो. पहिला भाग, मग १९९७ चा दुसरा, मग तिसरा, हाच क्रम ठेवा. दुसरा भाग तुम्हाला पहिल्यापेक्षा लवकर आवडेल असा माझा अंदाज आहे, त्यात व्हेनिसच्या कालव्यांतून बोट हाकायला मिळते. आणि पेंच-ताडोबाच्या सफारीत जिप्सीत बसून वाघाची वाट बघणारे आपण लोक, तिसऱ्या भागातल्या जंगलात वाघ असा चालत अंगावर आला की आधी हसू येतं. तिथल्या माकडांवर मात्र गोळी झाडू नका. ती आपणहून वाटेला जात नाहीत, फक्त पडलेल्या मेडिकिट उचलून पळतात, तेव्हा त्यांच्या आधी तुम्ही उचला.